उतरवलेला गंधार

भाविकाने गिटार मांडीवर घेतली की तिचा बाप येसाजी ओटीवरून उठून अंगणात जायचा. आपण ऐकत नाही असं दाखवायचं आणि सूर जरा हलला की खिडकीतून ओरडायचं, ही त्याची रीत.

"काय गं ते? म्हस हंबरतेय का तू वाजवतेस?"

"मग ऐकू नका," भाविका आतून म्हणायची.

येसाजीला त्यांच्या कडाव गावातच काय, पार खालापूरपर्यंत लोक ओळखायचे. हळदीला ऑर्केस्ट्रा बोलवायचे त्या काळात तो सहा तारांची हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत सिनेमाची गाणी वाजवायचा. ही विद्या त्याने पुतण्याला दिली, नवीनला. भाविका दाराआडून बघायची. लहानपणी एकदाच तिने गिटार मागितली होती. "पोरींच्या मांडीवर ती बरी दिसत नाय," एवढं बोलून त्याने गिटारीच्या पेटीला कुलूप लावलं.

पुढे ती खालापूरच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागली आणि दर रविवारी बदलापूरला एका मास्तरांकडे जाऊन हेच वाद्य शिकली. बापाला विचारलं नाही, सांगितलंही नाही; पण ते त्याच्या कानावर गेलंच. मग किरणशी लग्न होऊन कर्जतला गेली. नवीन दुबईला गेला. येसाजीने हौसेने कोलकात्याच्या कारागिराकडून सात तारांची गिटार करवून घेतली, पण ती घरी येईपर्यंत त्याचा डावा हात थरथरायला लागला होता. कांडी तारेवर टेकवली की नुसती खडखड. शेवटी एक दिवस त्याने भाविकाला निरोप धाडला. पडून सडण्यापेक्षा तू वाजव म्हणाला. मात्र गिटार या घराबाहेर जायची नाही.

भाविका वाजवायला कडावला येऊ लागली. असं दिलेलं आपण घेतलं, याचा तिला स्वतःचाही राग होता.

भांडण पेटलं ते तारा कशा लावायच्या यावरून. या गिटारीवर बोटांनी पडदे दाबायचे नसतात. कांडी आडवी पडते, आणि मोकळ्या तारा ज्या सुरांत लावल्या असतील ते सूर एकमेकांना धरूनच पुढे सरकतात. म्हणजे काय वाजवता येणार, ते निम्मं खुंट्या पिळतानाच ठरतं. येसाजीची तारांची लावणी ठरलेली होती. जाड तारेपासून सा, ग, प, ध, परत सा, ग, आणि सगळ्यात बारीक सातवी तार पंचमात. एकदा अंगठा फिरवला की जुन्या गाण्यांचा गोडवा आपोआप सांडायचा. भाविकाला तोच गोडवा नको होता. तिला राग वाजवायचे होते. कोमल गंधार लावायला गेलं की शेजारची शुद्ध गंधाराची तार मध्येच गुणगुणायची आणि सगळं नासायचं. तिने सरळ जाड तारांचा वेगळा संच आणून चढवला. ग आणि ध काढून टाकले. नुसते सा, प आणि मध्ये एक म.

येसाजीने मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय, तंबोरा केलास व्हय माझ्या गिटारीचा? सातवी तार कशाला घेतली मी?"

"तुमी तुमच्यासाठी घेतलीत. वाजवतेय मी."

"बदलापूरच्या मास्तराने डोकं फिरवलंय तुझं."

"त्यांनी शिकवलं तरी. तुमी कुलूप लावलंत."

स्वयंपाकघरातून तिची आई चंद्राबाई "पुरे करा रं दोघं" म्हणाली. ते दोघांनाही ऐकू आलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

माघी गणपतीला गावच्या उत्सवात भाविकाचं वादन ठरलं. तिने बागेश्री बसवला. साथीला पळसदरीचा सुनील तबला घेऊन येणार होता. त्या दिवशी ती शाळेतून थेट मांडवात यायची होती, तर येसाजी आपणहून म्हणाला, "गिटार मी आणून ठेवतो." तिला जरा बरं वाटलं. एवढीच तिची चूक.

मंचावर बसून तिने पेटी उघडली. तिच्या जाड तारा पकडीने कापून, तुकडे तुकडे करून पेटीच्या कोपऱ्यात टाकलेल्या होत्या. गिटारीवर नव्या तारा. तिने अंगठा फिरवला. सा ग प ध. लग्नाची हळद.

समोर पहिल्या रांगेत येसाजी हाताची घडी घालून बसला होता. हसत नव्हता. वाट बघत होता.

"ताई, काय झालं?" सुनीलने विचारलं.

"तारा बदलल्यात."

"मग एखादं गाणं वाजवून टाकू. लोकांना काय कळतंय."

बापाला नेमकं तेच हवं होतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. बदली तारा जवळ नव्हत्या. गंधार ओढून मध्यमाला न्यावा तर तार तुटायची भीती. वर नेता येत नाही, मग खाली? तिने खुंटीला हात घातला. खालचा गंधार अर्धा सूर उतरवला. मग वरचा. दोन्ही कोमल. पंचम, धैवत जागच्या जागी ठेवले. हे करताना तिने खुंटीकडे बघितलं नाही, बापाकडे बघत होती.

मग अंगठा फिरवला. गोडवा होता, पण काळवंडलेला. ही लावणी ना त्याची होती, ना तिची. तिने त्याच सुरांवरून बागेश्री उचलला आणि कांडी पुढे सोडली. पंचमाची तार मध्ये आली की तळहाताने दाबून टाकायची, एवढं सांभाळलं की बाकी सगळं हाताखाली येत होतं.

आलाप अर्ध्यावर आला असेल, तोच येसाजी उभा राहिला. "गंधार उतरलाय! बेसूर हाय ते! बंद कर!"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा की खाली. चांगलं चाललंय."

"मला शिकवता? येसाजीला?"

"बसा ओ!" आणखी चार आवाज आले. एकाने खांद्याला धरून त्याला खाली बसवलं. ज्या गावात त्याचा शब्द खाली पडत नसे, त्या गावाने त्याला गप्प केलं. भाविकाने ते पाहिलं, आणि तिला आनंद झाला. अगदी उघडा, नागडा आनंद. तिने लय वाढवली.

वादन संपल्यावर मांडवामागे त्याने तिला गाठलं. "गिटार दे इकडं."

"माझ्या तारा जोडून द्या, मग देते."

"माझा गंधार मारलास तू. चारचौघात."

"तुमी माझ्या तारा कापल्यात. घरात, कुणी बघत नसताना."

चंद्राबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "लोकं बघतायत गं."

"बघू देत," भाविका म्हणाली. तिने पेटी बंद केली, किरणच्या स्कूटरवर मागे बसली आणि पेटी आडवी मांडीवर घेतली.

"परत उंबऱ्यात पाय ठेवू नकोस!" येसाजी ओरडला.

तिने ठेवला नाही. येसाजीने बाजारात, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला सांगितलं की पोरीने गिटार चोरली आणि वर बेसूर केली. इकडे भाविकाने तीच लावणी कायम ठेवली. त्यावर आणखी दोन राग बसवले. कळंबच्या एका रिसॉर्टवर वाजवून आली. आई कर्जतच्या बाजाराला आली की भेटून जायची, बापाचं नाव दोघी काढत नसत.

उन्हाळा सुरू झाल्यावर एका दुपारी आईच्या नंबरावरून फोन आला. पलीकडे येसाजी होता. कशी आहेस, नाही. काही नाही.

"वरचा गंधार राहू दे कोमल," तो म्हणाला. "खालचा तेवढा शुद्ध कर. भारदस्त वाटंल."

"नाही."

"करून तर बघ."

"नाही म्हटलं ना," म्हणून तिने फोन ठेवला.

बराच वेळ ती स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. मग हात पुसून तिने गिटार काढली, खालची खुंटी पिळली आणि अंगठा फिरवला. दोन गंधार एकमेकांच्या अंगावर धावून गेले. कान किटला. हे वाजणार नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं होईल? चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला? की बोलायला त्याच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं?

तिने तार पुन्हा उतरवली. त्याला फोन केला नाही.