तक्रारदाराची सही

आमच्या घरातली प्रत्येक वस्तू व्यंकटरावांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि प्रत्येक वस्तूशी भांडायचं काम माझ्याकडे आहे. फ्रिज, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, सगळी बिलं त्यांच्या नावाची. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, स्वतःचा पगार होता, तरी दुकानदारानं नाव विचारलं की माझ्या तोंडून आपोआप त्यांचंच नाव निघायचं. मोबाईल नंबर विचारला की मात्र मी आमच्या पुण्याच्या मुलाचा, अमेयचा द्यायची. ही माझी हुशारी. आपला नंबर एकदा दुकानात गेला की गावभर होतो, आणि मग भर दुपारी कुणीतरी कर्ज घ्या म्हणून गळ्यात पडतं. म्हणून माझा नंबर मी कुठल्याच फॉर्मवर लिहिला नाही. याच हुशारीनं माझा घात केला, पण ते पुढे येईल.

निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका दैनिकात एक रविवार आड सदर लिहायला लागले. सदराचं नाव ‘मला पटत नाही’. विषयांना तोटा नव्हता. आपण विकत आणलेला टीव्ही आपल्यालाच अटी मान्य करायला लावतो, हे पटत नाही. जाहिरात बातमीचे कपडे घालून पहिल्या पानावर बसते, हे पटत नाही. कायदा ग्राहकाला राजा म्हणतो आणि त्या राजाला जिन्यात ताटकळत ठेवतो, हेही पटत नाही. संपादक सुदर्शन माझाच विद्यार्थी. लेख कौतुकानं छापायचा, फक्त कंपनीचं नाव खोडून तिथं ‘एक कंपनी’ असं घालायचा. जाहिरात विभाग ओरडतो म्हणायचा. मी त्याला शुद्धलेखन शिकवलं, ताठ बसायला शिकवायचं राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वी व्यंकटरावांना ऐकू येईना झालं. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला, मुळातच कमी बोलणारा माणूस. कानातलं मशीन घेतलं. ते मोबाईलमधल्या ॲपवर चालायचं. सहा-सात महिने उत्तम चाललं. मग एका सकाळी ॲप आपलं आपणच नवीन झालं आणि त्यानं जुन्या मशीनला ओळख दाखवायचं बंद केलं. कानात नुसती शिट्टी. कंपनी म्हणाली, या मॉडेलची सेवा आम्ही थांबवली आहे, तसं अटींमध्ये लिहिलं होतं. अटी एकसष्ट पानांच्या होत्या. मी त्या सगळ्या वाचल्या.

मग ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लावला नाही, मसुदा मीच लिहिला. बिल यांच्या नावाचं म्हणून तक्रारदार व्यंकटराव, आणि त्यांची प्रतिनिधी म्हणून बोलणार मी. माझे लेख वाचून आणखी अकरा जणांनी तक्रारी केल्या. सगळ्यांचं मशीन तेच, दुखणं तेच. आमची तक्रार पहिली होती. तिचा निकाल लागला असता तर त्या एका कागदावर बाकीच्या अकरा जणांना उभं राहता आलं असतं.

त्या अकरांतल्या एक करमाडच्या मनकर्णाबाई. त्यांची मुलगी तनुजा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. कानातलं मशीन बंद पडलं, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न तिला ऐकू येईना, तर सुपरवायझरनं तिला घरी बसवलं. मनकर्णाबाई आमच्या प्रत्येक तारखेला बस धरून यायच्या. स्वतःची तारीख नसली तरी यायच्या. “तुमचं झालं की आमचं व्हतंय, बाई,” असं म्हणून मागच्या बाकड्यावर पदर सावरून बसायच्या. मी बोलायला उठले की त्यांचे ओठ हलायचे. त्यांच्या त्या बसण्यानं मला फार बळ यायचं, हे मान्य करते.

घरी माझी एक सवय झाली होती. महत्त्वाचं असेल ते मी व्यंकटरावांना पाटीवर लिहून दाखवायची. आणि महत्त्वाचं नसेल, किंवा फारच महत्त्वाचं असेल, ते संध्याकाळी भाजी निवडताना नुसतं बोलायची. समोर ते पेपर घेऊन बसलेले असायचे. ऐकू काही येत नसे, मान मात्र डोलवायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मी इतकं मोकळं कधी बोलले नव्हते. लेखाचा मसुदा वाचून दाखवायची, सुनेविषयी कुरकुरायची, अमेय तुमच्यासारखाच भित्रा निघाला म्हणायची. अलीकडेच एकदा मेथी निवडताना खुलताबादच्या शाळेचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. तिथं मला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळत होती. यांनी रोजची येजा कशाला म्हटलं आणि मी कागद परत पाठवला. त्या संध्याकाळी मी सरळ म्हणाले, “त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.” व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलवली आणि म्हणाले, “मेथी कोवळी आहे.” मला हसू आलं होतं.

शेवटच्या युक्तिवादाची तारीख शुक्रवारी होती. मी बावीस पानं लिहून नेली होती. मनकर्णाबाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. आमचा पुकारा झाला, मी उठले, आणि कंपनीचे वकील माझ्या आधी बोलू लागले. तरुण, नम्र, नेहमी मला मॅडम म्हणणारे. त्यांनी एक कागद पुढं केला. तक्रारदारानं कंपनीशी तडजोड केली आहे, नवीन मशीन मिळालं आहे, तक्रार मागे घेत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

मला वाटलं, वकिलांनी चुकीची फाईल काढली. मी तसं म्हणालेही. मग कागद माझ्या हातात आला. खाली सही होती. ‘व्यं’वरचा अनुस्वार टिंब न देता बारीक गोल काढायची त्यांची जुनी खोड, आणि शेवटच्या अक्षरापासून परत मागे आलेली रेघ. ती सही मी मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे, घराच्या करारावर पाहिली आहे. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची, रविवारची.

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “सही तक्रारदाराचीच आहे ना?”

एका क्षणाला माझ्या मनात आलं की नाही म्हणावं. मागं मनकर्णाबाई बसल्या होत्या. नाही म्हटलं असतं तर चौकशी लागली असती, आणखी एक तारीख मिळाली असती. पण खोटं बोलायचं तर गेली दोन वर्षं मी ज्यांच्याविरुद्ध लिहीत होते त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? “हो, त्यांचीच आहे,” मी म्हणाले. तक्रार पाच मिनिटांत निकाली निघाली.

कागदात आणखी एक ओळ होती. तक्रारदार आणि त्यांचे कुटुंबीय या विषयावर कुठंही काही लिहिणार किंवा बोलणार नाहीत. मी त्या वकिलांना म्हणाले की यावर माझी सही नाही, हे मला लागू होत नाही. “कायद्यानं कदाचित नाही होणार, मॅडम,” ते म्हणाले. “पण तो आता तुमच्या घरचा प्रश्न आहे.” त्यांचा स्वर उर्मट नव्हता. तो उर्मट असता तर बरं झालं असतं.

जिन्यात मनकर्णाबाईंनी मला गाठलं. “काय झालं बाई? लई लवकर आटपलं.”

“पुढची तारीख पडली,” मी म्हणाले. इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, तेही आत खरं बोलून आल्यावर दहा मिनिटांत. त्यांनी मला पिशवीतून शेंगा काढून दिल्या आणि त्या करमाडच्या बसला गेल्या.

तिथूनच सुदर्शनला फोन लावला. म्हटलं, रविवारचा लेख बदलायचा आहे. तो म्हणाला, “हो बाई, कळलंय. कंपनीच्या माणसानं गेल्याच आठवड्यात सांगितलं, मिटलं म्हणून. चांगलं झालं. आता जरा हलकं काहीतरी द्या, उन्हाळी सरबतं वगैरे.” म्हणजे पेपरला माहीत होतं, वकिलाला माहीत होतं. दोन वर्षं केस चालवणारी तेवढी मीच अडाणी.

रिक्षात बसल्यावर सगळं जुळत गेलं. कंपनीकडे आमचा म्हणून एकच नंबर होता, अमेयचा. मीच दिलेला. त्यांनी त्याला फोन केला असणार. त्या रविवारी तो अचानक पुण्याहून आला होता. बाबांना जरा फिरवून आणतो म्हणून दोन तास घेऊन गेला, आणि येताना गुलमंडीवरून इमरती आणली होती. मी चार खाल्ल्या. मुलाला बापाची आठवण झाली म्हणून मला भरून आलं होतं.

घरी आले तेव्हा व्यंकटराव बैठकीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. माझ्याकडे पाठ होती. मी चप्पल काढली नाही. दारातच उभी राहून, स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हणाले, “चहा टाकू का?”

“टाक,” ते म्हणाले.

मग त्यांची पाठ एकदम ताठ झाली. ते वळायला फार वेळ लागला. वळले तेव्हा त्यांच्या उजव्या कानात, अगदी आत, शेंगदाण्याएवढं काहीतरी दिसलं. एकोणीस दिवस ते तिथं होतं आणि मी पाहिलं नव्हतं.

“तुला सांगणारच होतो,” ते म्हणाले.

“कधी?”

“धीर झाला की.”

मी ओरडेन असं त्यांना वाटलं असावं. मला ओरडता येईना. मी त्यांना अकरा जणांची नावं सांगितली, एकेक करून. तनुजाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आता येत होतं ना ऐकू.

“अनसूया,” ते म्हणाले, “मी तुला दुसरं मशीन घेऊया म्हणालो होतो. दोनदा. तू पाटीवर लिहिलंस, आत्ता घेतलं तर आपलं नुकसान सिद्ध कसं करायचं. दोन वर्षं मी या घरात पुरावा म्हणून बसलोय. तुझ्या लेखातला बहिरा नवरा म्हणून मला भाजीवाला ओळखतो. मला त्याचा कंटाळा आला.”

त्यांचं हे खरं होतं. मी तसं लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता पाटी पुसली होती. हे कबूल करूनही सांगते, माझा राग तसूभर कमी झाला नाही. कंटाळा आला होता तर भांडायचं होतं, पाटी फोडायची होती. मुलाला मध्ये घालून, माझ्या पाठीमागे, माझं तोंड बंद करायच्या कागदावर सही करायची नव्हती. कंपनीनं फसवलं तेव्हा मला चीड आली होती. यांनी केसानं गळा कापला.

आणि मग ते दिवस आठवले. एकोणीस संध्याकाळी. सुनेचं, अमेयचं, निकाल लागला की माझ्याकडे कोण येणार आहे, या भीतीचं, सगळं मी त्यांच्यासमोर बोलले होते. मी विचारलं, “मेथी निवडत होते तेव्हा?”

व्यंकटराव खाली बघू लागले.

“ऐकू आलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही म्हणालात, मेथी कोवळी आहे.”

“काय म्हणणार होतो?” ते म्हणाले. “ते मला ऐकवायला तू म्हणाली नव्हतीस.”

मी स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला नाही. ओट्याशी स्टुलावर बराच वेळ बसले, आणि मग मनकर्णाबाईंना फोन लावला. आधी माफी मागितली. जिन्यात खोटं बोलले, म्हटलं. तारीख पडलेली नाही, आमची तक्रार संपली, आमच्या मालकांनी कंपनीशी मिटवून घेतलं. तुमच्या हातात धरायला आता काही राहिलं नाही.

 पलीकडे लांब कुठंतरी गाय हंबरली. मला वाटलं आता त्या फोन ठेवतील, आणि ठेवला असता तर त्यांचं काही चुकलं नसतं.

“त्यान्ला येतंय का आता ऐकू?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“येतंय.”

“चांगलं?”

“चांगलं येतंय.”

“मग बरं झालं, बाई. बहिऱ्या माणसाचे लई हाल व्हतात. आमची बघते ना मी रोज.” मग म्हणाल्या, “माझं तेवढं एक सांगा. आमच्या तारखेला तुम्ही येताल का? मला नाय येत तसं बोलायला.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. बैठकीत व्यंकटरावांनी पेपर हातात घेतला होता. पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, उजवा कान माझ्याकडे. कागदातली ती ओळ त्यांनी सही करण्याआधी वाचली होती की नाही, हे मी अजून विचारलेलं नव्हतं.

“बाई? हायेत ना?”

“आहे,” मी म्हणाले. “एक मिनिट थांबा.”

मी उठले, स्वयंपाकघराचं दार लावलं, आतून कडी घातली, आणि मग आवाज खाली करून त्यांना तारखेला येते म्हणाले.