लाजरस फादरांची शिलाई मशीन

मी शिलाई मशीन बोलतेय. पायानं चालवायची, काळी, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी जागोजागी उडालेली. सध्या एका लाकडी खोक्यात आहे. चहूबाजूंनी जुन्या साड्या कोंबल्यात आणि झाकण ठोकायचं तेवढं राहिलंय. ते ठोकेपर्यंत बोलून घेते, कारण जीव नुसता खालीवर होतोय.

माझी सुरुवातीची वर्षं येवल्यात गेली, चिमाजी टेलरच्या दुकानात. पैठणीवरचे ब्लाउज शिवायचे, लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसायची. पुढं चिमाजीला दिसेनासं झालं. मला भंगारात घालायला त्याचं मन होईना. नाशिकचे एक फादर परदेशातल्या मिशनसाठी कपडे शिवून घेतात असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं टेम्पोत घालून मला पाठवून दिलं. अशी मी लाजरस फादरांकडे आले.

फादर लाजरस निकाळे. उंच, किडकिडीत, जरा चाललं तरी धाप लागायची. तरुणपणी त्यांना आफ्रिकेत मिशनवर जायचं होतं. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली, डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही. दुसरा कुणी खट्टू होऊन बसला असता. फादर म्हणाले, मला जाता येत नाही ना, मग जाणाऱ्यांच्या पाठीशी राहीन. आणि आयुष्यभर तेच केलं. मालेगावच्या व्यापाऱ्यांकडून यंत्रमागाचं उरलेलं कापड मागून आणायचे, चर्चमागच्या हॉलमध्ये बायकांना जमवायचे आणि तान्ह्या बाळांसाठी झबली शिवून घ्यायचे. औषधं गोळा करायचे, चष्मे गोळा करायचे. चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की दारात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "घरात वापरात नसलेलं काय आहे?" लोक त्यांना बघून वाट बदलायचे आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पिशवी आणून द्यायचे.

मी माणसांना पायावरून ओळखते. फादरांचा पाय हलका होता. काळजी लागली की ते स्वतः माझ्यापुढं येऊन बसायचे आणि सरळ शिवण घालत राहायचे.

हॉलमध्ये शिवायला येणाऱ्यांत लंकाबाई होती. दिंडोरीकडची, नवरा लवकर गेलेला, द्राक्षबागेत मजुरी करून एकुलती लेक वाढवलेली. लेकीचं नाव उज्वला. शाळेला सुट्टी असली की उज्वला आईबरोबर यायची आणि झबल्यांच्या घड्या घालायची. एकदा तिनं फादरांना विचारलं, "हे घालणारं बाळ कुठं असतं?"

"लांब. समुद्रापलीकडं."

"तुम्ही बघितलंय?"

"नाही गं. मला कुठं जाता येतंय?"

"मग मी बघून येईन," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. पण उज्वला विसरली नाही. नर्सिंग शिकली, मग धर्मभगिनी होऊन मठात गेली, आणि एक दिवस दक्षिण सुदानमधल्या एका मिशन दवाखान्यात तिची नेमणूक झाली. लंकाबाई सैरभैर झाली. तिची समजूत काढायला फादर तिच्या घरी गेले. त्या दिवशी काय बोलणं झालं, ते मला लंकाबाईच्याच तोंडून कळलं. ती बायकांना सांगत होती, "म्या म्हनलं फादरांना, देवाला दिली, पन तुमच्या शब्दावर दिली."

काही वर्षं नीट गेली. मग तिकडं गोळीबार सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर आली. उज्वलाचा फोन लागेना. मठातल्या मोठ्या सिस्टरांनाही काही कळेना.

लंकाबाई सकाळीच हॉलमध्ये आली. शिवायला बसली नाही, उभीच राहिली. फादर माझ्यापुढं बसले होते.

"फादर, तुमचं सोताचं लेकरू असतं, तर धाडलं असतं का?"

फादरांचा पाय थांबला. धागा तुटला. ते सुईत पुन्हा धागा ओवायला लागले. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी बोलावं, देवाचं नाव तरी घ्यावं. लंकाबाईनं वाट बघितली आणि शेवटी जमिनीवर बसून घेतलं.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. फादरांशी बोलायची नाही, पण घरी एकटीला बसवायचंही नाही. फादर मोबाइल माझ्या फळीवर ठेवायचे आणि तो वाजला की दोघंही दचकायची. कधी गॅसवाला असायचा, कधी कुणाच्या लग्नाच्या तारखेची चौकशी. लंकाबाई मरियामातेला "मतमाउली, मतमाउली" अशी हाक घालत जपमाळ ओढायची. फादर शिवायचे. त्या दिवसांतली झबली मी कधी विसरणार नाही. एकाही झबल्याची शिवण सरळ आली नाही.

आणि एका दुपारी फोन वाजला तो उज्वलाचा. आवाज तुटत होता. फादरांनी स्पीकर लावला.

"फादर, मी बरी आहे. दवाखाना शाबूत आहे. उद्या बाहेरच्या लोकांना न्यायला विमान येतंय. जायचं की राहायचं, आम्हाला ठरवायला सांगितलंय."

लंकाबाई गुडघ्यांवर सरकत पुढं आली. "फादर, तिला ये म्हना. माजं नाय ऐकायची ती. तुमचं ऐकंल."

फादरांनी डोळे मिटले. मिशनवर निघालेल्या इतक्या जणांना त्यांनी निरोप दिला होता. स्टेशनवर पोचवायला जायचे, हात हलवायचे. परत ये असं कुणालाही म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"उज्वला," ते म्हणाले, "विमानात बस. परत ये, बाळ."

फोनमधून नुसती खरखर आली. फोन कटला की काय, असं वाटलं.

"फादर, हा हुकूम आहे का?"

फादरांनी लंकाबाईकडं बघितलं. ती हात जोडून बसली होती. खोटं बोलले असते तर चाललं असतं. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"हुकूम करायचा मला अधिकार नाही. विनंती करतोय."

"मग मला राहू द्या. बाळंतिणींचा वॉर्ड भरलाय. दुसरी नर्स पळून गेली. मी उठून निघाले तर त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "आई आहे का तिथं? आई, जेवलीस का?"

लंकाबाईनं पदर तोंडात कोंबला होता. तो काढून ती म्हणाली, "तू जेवलीस का, बाय?"

फोन कटला.

फादरांनी मोबाइल परत माझ्या फळीवर ठेवला आणि अर्धवट झबलं हातात घेतलं. मग म्हणाले, "लंकाबाई, जन्मभर माणसं पाठवली. आज पहिल्यांदा एकीला बोलावलं, तर ती आली नाही."

"तुमीच शिकवलंय तिला," लंकाबाई म्हणाली. पण आवाजात आता राग नव्हता. तिनं फादरांच्या हातातून झबलं घेतलं, वाकडी शिवण उसवली आणि त्यांना बाजूला सरकवून माझ्यापुढं बसली.

पुढं तिकडचा गोळीबार निवळला, पुन्हा पेटला, पुन्हा निवळला. उज्वला जगली. काळजी मात्र या हॉलमधून हलली नाही. फादर रोज सकाळी मिस्सेआधी मोबाइलवर तिकडच्या बातम्या बघायचे, आणि लंकाबाई आली की तिला आधी एवढंच सांगायचे, "शांत आहे." मग दोघं कामाला लागायची.

गेल्या वर्षी एका सकाळी फादर मिस्सेला आलेच नाहीत. त्यांच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते. मला घंटेच्या आवाजावरून कळलं. थोड्या वेळानं लंकाबाई हॉलमध्ये आली, पांढरं कापड घेऊन. शवपेटीला आतून लावायला शिवायचं होतं. ती रडली नाही. पाय एका लयीत चालवत राहिली, आणि मी माझ्याकडून एकही टाका चुकू दिला नाही. थोडं कापड उरलं. तिनं ते हातात घेऊन बघितलं, मग कात्री उचलली आणि त्याचं झबलं बेतलं. ते पुढच्या पार्सलमधून गेलं. कुठल्या बाळाच्या अंगावर चढलं, मला ठाऊक नाही.

उज्वलाला मातीला येता आलं नाही. या महिन्यात ती सुट्टीवर आलीय. आधी फादरांच्या कबरीवर गेली, मग इथं हॉलमध्ये. केस पांढरे झालेत, उन्हानं रापलीय. मला हात लावून आईला म्हणाली, "ही मला दे. तिथल्या बायकांना शिवणकाम शिकवते. इथून किती दिवस झबली पाठवणार?"

"मशीन ने," लंकाबाई म्हणाली. "पन तू ऱ्हा."

उज्वलानं आईचा हात धरला. राहते असं काही ती म्हणाली नाही. लंकाबाईनं पुन्हा विचारलंही नाही. उठली आणि माझ्या सांध्यासांध्यात तेल सोडायला लागली.

तर मी निघालेय. मुंबईहून बोटीनं आणि पुढं ट्रकनं जायचं म्हणतात. मला समुद्र ठाऊक नाही. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं एवढं ऐकलंय. तिथं माझी सुई मोडली तर दुसरी मिळेल का? गोळीबार झाला तर मला कुठं लपवतील? असल्या शंका डोक्यात घोंघावतायत.

त्याहून मोठी काळजी मागं राहतेय. उद्यापासून लंकाबाई या हॉलमध्ये येईल तेव्हा फादर नसतील, मीही नसेन. लोक तिला लेकीबद्दल विचारायचं टाळतात, वाईट वाटेल म्हणून. नाशिकच्या बाजूला आलात तर तुम्ही टाळू नका. तिच्याजवळ बसा. उज्वला कशी आहे, ते विचारा. ती बोलेल, भरभरून बोलेल.

आता हातोडी आणलीय. उज्वला खिळे शोधायला बाहेर गेलीय. लंकाबाई एकटीच माझ्याजवळ वाकलीय. साडीची घडी सारखी करत मला हळूच म्हणतेय, "पोरीकडं बघ गं."

मी लोखंडाची. मी काय बघणार? तरी मनातून हो म्हणून टाकलंय. तिथं पोरीकडं मी बघते. इथं आईकडं तुम्ही बघा.