उत्तरेच्या भिंतीवरचा धबधबा

"वर्षभर कुत्रं फिरकत न्हाई इथं, आन आज म्हणं मॅडम येऊन राह्यल्या! सकाळधरून खुर्च्याच पुसून राह्यलो मी."

टेबलाखाली वाकून साहेबराव पुटपुटत होते. जालन्यातल्या त्या लहानशा संग्रहालयाचे ते कारकून. नंदाबाई तिथली झाडलोट करणारी. एकोणीस वर्षं झाली, पण करार दरवेळी अकरा महिन्यांचाच.

ती उत्तरेच्या भिंतीपुढं उभी होती. तिथं डोंगरांची नऊ तैलचित्रं. कुणा जिनिंग गिरणीवाल्याच्या बायकोनं तो गेल्यावर देऊन टाकलेली. अंतरवालीच्या सपाट कपाशीत वाढलेल्या नंदाबाईनं बर्फाचा डोंगर पाहिला तो इथंच. सगळ्यात मोठ्या डोंगरावरून एक पांढरा धबधबा उतरत होता. शाळेची पोरं त्याच्यापुढंच फोटो काढायची. खाली 'धबधबा' अशी पाटीही होती.

बारा वर्षांपूर्वी तो धबधबा नव्हता. छत गळालं, चित्रावर बुरशी चढली, आणि पैठणी धुवावी तसं नंदाबाईनं रिठ्याच्या पाण्यानं, अगदी मऊ हातानं, चित्र धुतलं. बुरशी गेली. वीतभर डोंगरही गेला, तिथं पांढरा पट्टा उरला. साहेबरावांनी पाहिलं, कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून आणली. नोकरी वाचली. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

पण काल चित्र तिरकं दिसलं म्हणून ती सरळ करायला गेली, तर मागचं कापड भिजल्या पापडासारखं बोटाला लागून आलं.

"भाऊ, मॅडम खराब झालेलीच चित्रं दुरुस्तीला नेणार ना?"

"हां. आपली समदी ठीक हायेत."

"मोठा डोंगर ह्या पावसाळ्यात टिकायचा न्हाई."

"आन बोललीस तर तू टिकशील का? बिलकुल गप ऱ्हा. ती पाटी माझ्या हातची हाय."

नंदाबाईनं पदर खोचला आणि चहा ठेवायला गेली.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या आसिफा मॅडम आल्या. हातातल्या बॅटरीचा उजेड टाकत एकेक चित्र बघत गेल्या. दोन चित्रं न्यायची ठरली. मोठ्या डोंगरापुढं मात्र त्या बराच वेळ थांबल्या.

"हा धबधबा चित्रकारानंच काढलाय ना?"

नंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. साहेबराव पंख्याकडे बघू लागले.

"पाटीवर तसंच हाय, मॅडम," ते पंख्यालाच म्हणाले.

"बरं. मग हे राहू दे इथंच." मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

सकाळपासून तीनदा पुसलेल्या खुर्चीवर नंदाबाईनं ट्रे ठेवला. चहा थोडा हिंदकळून सांडला.

"धबधबा न्हाई त्यो, मॅडम," ती म्हणाली. "छत गळतंय. आन डोंगर म्या धुतला."