चार मानांची सूर्यचूल

मी सूर्यचूल बोलतेय. चूल म्हटल्यावर तुम्ही माझ्या पोटात लाकडं शोधाल, ती नाहीत. राख नाही, फुंकणी नाही, धूर तर औषधालाही सापडायचा नाही. लोखंडी तिवईवर बसवलेली अल्युमिनियमची एक भलीमोठी खोलगट परात, आणि तिच्यासमोर भांडं ठेवायला एक कडं, एवढाच माझा संसार. ऊन असलं की मी भात शिजवते. ढग आला की गप्प बसते. माणसांनाही हे जमलं असतं तर फार बरं झालं असतं, पण तो विषय पुढे येईलच.

माझा जन्म छप्पन सालचा, लांबच्या कुठल्याशा कारखान्यातला. मला घासून चकचकीत करणारा कारागीर रोज दुपारी माझ्यात वाकून भांग पाडायचा. जवळून पाहिलं की माझ्यात तोंड मोठं दिसतं, त्यामुळे त्याचं नाक मला अजून तोंडपाठ आहे. पुढे आगगाडी झाली, मग एस.टी.चा टप. महाडहून पोलादपूरपर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून सुकटीची टोपली बसली होती. तिथून गोमाजी नावाच्या शेतकऱ्याने मला डोक्यावर घेतलं आणि दोन तास चढण चढून कातळवाडीत आणलं. वाटेत माझ्या उजेडाने समोरच्या डोंगरावरची गुरं बुजली. गोमाजी मात्र त्या दिवसापासून ताठ मानेने चालू लागला.

वाडी पंधरा घरांची. सोबत आलेल्या विकास गटाच्या साहेबांनी विचारलं, "दिवसभर ऊन कोणाच्या अंगणात असतं?" सगळ्यांनी ठमाबाईच्या खळ्याकडे बोट दाखवलं. तिच्या दारात झाड नव्हतं, घरात माणूस नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. डोळे कायम लाल, पदराने पुसून पुसून पापण्यांचे केस गेलेले. महाडच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, धुरापासून लांब राहा. नाहीतर वर्षभरात दोन्ही डोळे जातील." चुलीपासून लांब राहून जेवायचं काय, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

मी तिच्या खळ्यात उभी राहिले तेव्हा ती माझ्याकडे किती वेळ पाहत होती! कुणी माझ्याकडे असं पाहावं, असं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी खिशातून एक छापील पुस्तिका काढली. "यात चार पारिभाषिक शब्द आहेत," ते म्हणाले. "ऊर्जा, परावर्तक, केंद्रबिंदू आणि कोन. शिमगा झाल्यावर मी येईन. वाडीला हे शब्द अवगत असले, तर चूल इथेच राहील. नसले, तर पलीकडच्या वाडीला जाईल. तसा नियमच आहे." मग त्यांनी प्रत्येक शब्द समजावून सांगितला आणि उन्हं कलायच्या आत उतरले.

आता इथे कातळवाडीची एक रीत सांगायला हवी. या वाडीत कुठलीही चांगली गोष्ट आली की आधी तिचे मान वाटले जातात. देवाच्या पालखीचा पहिला खांदा मालोजीच्या घराचा, छत्री सयाजीच्या घराची, चवऱ्या हैबतीच्या, नारळ फोडायचा तो गोमाजीने. एकाचा मान दुसऱ्याने घेतला तर पालखी जागची हलत नाही. एका वर्षी म्हणे ती तीन दिवस बांधावरच उभी होती आणि देवाला तिथेच नैवेद्य न्यावा लागला.

चार शब्द आले, चार मानकरी होतेच. संध्याकाळी बैठक बसली आणि शब्दांची वाटणी झाली. ऊर्जा मालोजीला, कारण ती पहिली. परावर्तक सयाजीला, केंद्रबिंदू हैबतीला, कोन गोमाजीला. ठमाबाईच्या घराला पालखीत मान नव्हता, म्हणून तिला शब्दही नाही. ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

शब्दाबरोबर काम आलं. माझी परात पुसायची ती सयाजीने. भांडं कड्यात ठेवायचं हैबतीने. सूर्य सरकला की मला वळवायचं गोमाजीने. मालोजीचा मान सगळ्यात मोठा, म्हणून त्यांना काहीच काम नव्हतं. त्यांनी फक्त सूर्याकडे पाहून "हां" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय शिजायला सुरुवात करायची नाही.

पहिल्या दिवशी मूठभर तांदूळ शिजवायला चार कर्ते पुरुष फेटे बांधून आले. मालोजी चार पावलं लांबून माझ्यात डोकावले आणि त्यांना स्वतःचं तोंड उलटं दिसलं, फेटा खाली, हनुवटी वर. माझा तो स्वभावच आहे, पण त्यांना तो अपमान वाटला. समजूत काढेपर्यंत दुपार टळली. भात झाला नाही. ठमाबाईने तांदूळ भिजलेलेच चावून खाल्ले आणि पाणी प्यायली.

पण बाई हुशार. चौघे शेतावर गेले की ती बांधावर नजर टाकायची आणि कामाला लागायची. मला हात लावला नाही, असं देवापुढे शपथेवर सांगता यावं म्हणून ती मला कोपराने वळवायची. उजेडाचा गोळा भांड्याच्या बुडावर आला की नाही, ते वाकून पाहायची. चुकला की मला म्हणायची, "सरक गो बाय, जरा सरक." तासाभरात भात व्हायचा. महिनाभरात तिच्या डोळ्यांची लाली उतरली. दोन महिन्यांनी ती सुईत दोरा ओवायला लागली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कारखान्यातल्या त्या नाकापेक्षा हा चेहरा कितीतरी चांगला होता.

पौषात हैबती मुंबईला गिरणीत लागला. जाताना तो केंद्रबिंदूही घेऊन गेला, असं वाडीने मानलं. चौघांनी मिळून रांधणं तेव्हापासून थांबलं, कारण भांडं ठेवणार कोण? ठमाबाईचं कोपराने चाललंच होतं.

शिमगा झाला आणि साहेब ठरल्याप्रमाणे आले. खळ्यात घोंगडी अंथरली. तिघे मानकरी ओळीने बसले. चौथ्या जागी पाट मांडून त्यावर हैबतीचा फेटा ठेवला होता.

"ऊर्जा म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

मालोजी उठले, सूर्याकडे पाहून "हां" म्हणाले आणि बसले.

"बरं. परावर्तक म्हणजे?"

"आलेलं ऊन माघारी धाडतो तो," सयाजीने घडाघडा सांगितलं.

"छान. मग हे माघारी गेलेलं ऊन एकत्र कुठे येतं?"

सयाजीने पाटाकडे पाहिलं. त्याला उत्तर चांगलं ठाऊक होतं, ओठ हलताना मला दिसत होते.

"सांगा की."

"सायेब, तो हैबतीचा मान हाय. मी तोंडात कसा घेऊ?"

"हैबती कोण?"

तिघांनी फेट्याकडे बोट दाखवलं. साहेब फेट्याकडे पाहत राहिले. भला माणूस होता, त्याने फेट्यालाही विचारून पाहिलं. फेटा काही बोलला नाही.

"गोमाजी, तुम्ही सांगा."

"मी कोनाचा, सायेब. चूल किती कलती धरायची ता विचारा, आत्ता सांगतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग ते माझ्याकडे आले. माझ्या कड्यात, सगळे जमायच्या आधी ठमाबाईने ठेवलेलं भांडं होतं आणि त्यात भात रटरटत होता. त्यांनी शीत काढून दाबून पाहिलं. "भात तर उत्तम शिजलाय," ते म्हणाले. त्यांनी कागद वरून खाली वाचला, मग उलटा करून वाचला. "पण इथे भाताचा रकाना नाही. शब्द अवगत नाहीत असंच लिहावं लागेल. चूल उतरवा."

गोमाजीने डोक्यावर चुंबळ ठेवली. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं झालं. मी पलीकडच्या वाडीलाही भात शिजवला असता, पण तिथे ही बाई नव्हती. आणि इथे उद्यापासून ती पुन्हा धुरात बसणार होती.

तेवढ्यात ठमाबाई दारातून खळ्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती एका दमात बोलली, "सायेब, उन्हात काम करायची ताकद असते ती ऊर्जा. ही परात परावर्तक. हिनं माघारी धाडलेलं ऊन भांड्याच्या बुडाला जिथं गोळा होतं तो केंद्रबिंदू, तिथं हात घाला म्हंजे फोड येईल. आनि सूर्य हलला का हिचं तोंड त्याच्याकडे जेवढं कलतं करायचं, तो कोन. नाय केलं तर भात कच्चा."

साहेबांनी चार खुणा केल्या, सही केली आणि पानभर भात जेवून ते पोलादपूरला उतरले.

चार घरांचे चार मान एका बाईने एका श्वासात घेतले होते.

"काकी, ह्या काय केलंस?" सयाजी म्हणाला.

"डोळं माझं जात होतं रे," ठमाबाई म्हणाली. "तुमचं नाय."

पुन्हा बैठक बसली. मला वाटलं, आता हिला वाळीत टाकतील. पण मालोजींनी विचार करून निवाडा दिला, "शब्द हिच्या तोंडात गेला, म्हंजे उष्टा झाला. उष्टा मान आपल्या घराला नको. चारी मान आता ठमाचे." हैबतीला पत्र गेलं. त्यानेही मुंबईहून संमती कळवली. ठमाबाईला नारळ मिळाला, लुगडं मिळालं.

आणि तेव्हापासून, सांगते काय, मला कोणी बोट लावत नाही. दर पावसाळ्यात ती एकटी मला ओढून पडवीत घेते. एका वर्षी तिथे कोंबडीने माझ्यात अंडी घातली, तर अंडी न्यायलाही कोणी येईना. दसऱ्याला माझी परात पुसायला ती एकटी. कोणी मदतीला यावं म्हटलं तर सगळे हात जोडतात. "तुमचा मान हाय, काकी. आम्ही कसा हात लावू?" भात खायला मात्र येतात. सयाजी तर ताट घेऊनच येतो.

याला आता दहा वर्षं झाली. माझ्या परातीला जागोजागी पोचे पडलेत, तिवईचा एक पाय गंजलाय. ठमाबाईचे डोळे राहिले, गुडघे गेले. ती ओटीवर पडून असते. सकाळी भिंत धरून येते, कड्यात भांडं ठेवते आणि परत जाऊन पडते. पुन्हा उठणं तिच्याने होत नाही. ऊन माझ्यावरून सरकताना तिला ओटीवरून स्वच्छ दिसतं.

आत्ताही दिसतंय. भात अर्धा कच्चा आहे. सयाजी ताट घेऊन बांधावर बसलाय, आदराने.

तुम्ही वाटसरू दिसता. या वाडीत तुम्हाला कसलाच मान नाही, म्हणून तुम्हालाच विनवते. पुढे व्हा आणि मला चार बोटं पश्चिमेला वळवा.