भट्टीवरचा टायमर आणि दोन मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना, चावीचा टायमर आहे. गोल पोट, तबकडीवर साठपर्यंत आकडे आणि डोक्यावर खणखणीत घंटा. फिरवाल तेवढी मिनिटे मोजायची आणि ठणकायचे, एवढीच मला अक्कल. पण त्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीक घालत नसे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका बेकरीत, भट्टीशेजारच्या फळीवर आलो. बेकरीवाला मोठा काटेकोर माणूस. पावाचा ट्रे आत गेला की तो मला वीसवर फिरवी, आणि घंटा झाली की हातातला चहा तसाच टाकून धावे. "पावाची दया करशील तर कोळसा खाशील," हे त्याचे ठरलेले वाक्य. त्याचा पाव कधी करपला नाही. गिऱ्हाइके माझेही कौतुक करत आणि मी उगाच फुगून जाई. पुढे विजेची भट्टी आली. तिच्या पोटातच घड्याळ होते. मग मी पिठाच्या पोत्यामागे पाच वर्षे धूळ खात पडलो.

मला बाहेर काढले ते बेकरीवाल्याच्या लेकीने. चांगली मोठी झाली तरी घरात तिला चिमीच म्हणत. ती बँकेच्या भरतीची परीक्षा देत होती. तीनदा थोडक्यात हुकली होती, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप होती.

तिची युक्ती अगदी साधी. पावाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने लिहून ठेवले होते: येते ते आधी. अडले की पुढे. ठाऊक नसेल तर हात लावू नको. खरी परीक्षा संगणकावर. गणिताला वीस मिनिटे मिळतात. ती सरली की पडदा आपोआप पुढच्या भागावर जातो, मागे फिरता येत नाही. म्हणून रोज सकाळी मोबाइल पिठाच्या डब्यात बंद करून चिमी माझ्याकडे पाठ करून बसे. घड्याळाकडे बघितले की मन पळते, असे तिचे म्हणणे. मला फिरवायचे काम वडिलांचे.

"बाबा, लावला का वीसवर?"

"लावला गं. कर सुरू."

पहिले पंधरा दिवस मी ठणकलो की पाच-सहा गणिते उरलेली असत. एके सकाळी ती पेन फेकून ओक्साबोक्शी रडली. "माझ्याच्यानं नाही होणार, बाबा." वडील तिच्या डोक्यावर पिठाचाच हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वीसवर आणले, जरासे थांबले, आणि बावीसवर सोडले.

मी आतून हादरलो. पण वेळ झाल्याशिवाय माझी घंटा वाजत नाही.

त्या दिवशी चिमीची सगळी गणिते झाली. "बाबा, जमलं! बघा, जमलं!" म्हणत ती त्यांच्या गळ्यात पडली. मग रोजच बावीस. ती आत गेली की वडील माझ्याशी पुटपुटत, "जरा सवय होऊ दे, मग आणू खाली." ते खाली आणणे राहूनच गेले.

परीक्षेहून ती आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चार गणितं राहिली, बाबा. येणारी होती. पडदा निघूनच गेला. घरी तर वेळ पुरायचा!" पुढे निकाल लागला. दीड गुणाने गेली.

त्या संध्याकाळी वडिलांनी मला तिच्यापुढे ठेवले. "मी वीसवर लावत नव्हतो गं. दोन मिनिटं जास्त द्यायचो."

"का?"

"तू रडायचीस. मला बघवायचं नाही."

चिमीने तो पुठ्ठा उचलून पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, "पावाला कधी दिलीत का हो, बाबा, दोन मिनिटं जास्त?"

वडिलांनी मला उचलून परत फळीवर ठेवले. तिचे नुकसान करताना मी एक मिनिटही चुकलो नव्हतो, याचीच मला लाज वाटते.

आता चिमी औषधांच्या दुकानात काम करते. वडिलांशी भांडत नाही. त्यांना जेवायला वाढते, गोळ्यांची आठवण करून देते. पण सकाळी त्यांनी "आठ वाजले गं" म्हटले, की ती मोबाइल काढून बघून घेते. तेवढेच ते रोज बघतात. ती गेल्यावर मला नेमके वीसवर फिरवतात आणि रिकाम्या खुर्चीमागे घंटा होईपर्यंत उभे राहतात.

मित्रांनो, मला जपा, तेलपाणी करा, असे सांगायला मी आलो नाही. माझे काय, मी जुने लोखंड. पण तुमच्यावर विश्वास ठेवून कोणी पाठ करून बसले असेल, तर आकडा खरा लावा. ते रडले तर जवळ बसा, डोळे पुसा, हवे तर त्यांच्याबरोबर रडा. मिनिटे मात्र वीसच द्या.