क्रेनवरचा नकल्या

नकल्या टॉवर क्रेन चालवायचा. जमिनीपासून पासष्ट मीटर उंच, एका खुर्चीपुरत्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा. सोबतीला एक वॉकीटॉकी. तिच्यावर अख्खी साइट कान लावून असायची आणि हा पठ्ठ्या अख्ख्या साइटला हसवायचा. इंजिनिअर साहेबांचं घसा खाकरणं, काँक्रीटच्या पंपवाल्याची कुरकुर, विमानातल्या बाईची घोषणा, काय म्हणाल ते. सळ्या बांधणारी माणसं हसता हसता खाली बसायची.

आणि घरी? घरी हाच माणूस मुका. डबा ओट्यावर ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोने काही विचारलं की 'दमलोय' एवढंच. तीन महिने डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी उठल्यापासून छातीवर पोतं ठेवल्यासारखं जड वाटायचं. आणि गेल्या आठवड्यापासून एक नवीनच खूळ डोक्यात शिरलं होतं. शिडी चढताना वाटायचं, आज वर जावं आणि परत खाली येऊच नये. पहिल्यांदा वाटलं तेव्हा तो स्वतःलाच हसला होता. आज हसू आलं नाही. आज त्याने केबिनच्या दाराला आतून कडी घातली आणि मग त्या कडीकडे बघायचीही त्याला भीती वाटायला लागली.

साडेनऊ वाजले होते. जेवणाची सुट्टी एक वाजता. तोवर आपण इथे एकटे राहिलो तर काय करून बसू, याचा त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना, आणि एकट्याने शिडी उतरायचा तर मुळीच नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. पण कसं? क्रेनवाल्याला फोन वर न्यायला बंदी, तो खाली कपाटात. हाताशी फक्त वॉकीटॉकी, आणि तिच्यावर चाळीस जणांचे कान!

हूकला सळ्यांचा भारा लटकत होता. तो त्याने आधी नीट खाली टेकवून दिला. मग बटण दाबलं.

"मला खाली यायचंय. मला बरं वाटत नाहीये."

एकच हशा.

"अरे, हा तर पंपवाला! हुबेहूब!"

"मेल्या, मी असा रडतो होय?" पंपवाला स्वतःच ओरडला.

"थट्टा नाही करत. खरं सांगतोय."

"बघा बघा, आवाजात कसं रडू आणलंय! वन्स मोअर!"

आता बोला. दोष तरी कुणाला द्यायचा? चार वर्षं ह्यानेच 'मेलो, मेलो, चहा पाठवा' असली सोंगं केली होती. साहेब वैतागले. "नकल्या, पुरे. आज स्लॅब आहे. पुढचा भारा घे." चारी बाजूंना काच, खाली मुंग्यांएवढी माणसं, आणि एकालाही नकल्याचा चेहरा दिसत नव्हता. आणखी बोललो तर आणखी हसतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खाली सिग्नलवाले काका उभे होते. भारा नेमका कुठे टेकतोय ते वरून दिसत नाही, ते काका सांगायचे. माणूस खडूस, पण नकल्याच्या नकलांना पहिलं हसू त्यांचंच. आत्ताही हसतच होते. क्रेनच्या कामात एक नियम असतो. हुकूम आला की ऐकणाऱ्याने तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, मगच हालचाल. काका म्हणणार 'डावीकडे दोन मीटर', नकल्या म्हणणार 'डावीकडे दोन मीटर'. एक शब्द चुकीचा ऐकला तर खालचा माणूस चिरडतो, म्हणून. सगळ्या जगाची टर उडवणाऱ्या नकल्याने या नियमाची टर कधी उडवली नव्हती.

"काका, हुकूम आहे. परत म्हणा."

तीस वर्षांची सवय. "हां, बोल," काका म्हणाले.

"मला तीन महिने झोप नाही."

"मला तीन महिने झोप नाही." मागे कुणीतरी खिदळलं.

"मला एकट्याला राहायची भीती वाटते."

"मला एकट्याला राहायची..." काका अडखळले, "...भीती वाटते." आता कुणी खिदळलं नाही.

"रोज चढताना वाटतं, परत खाली येऊ नये."

वॉकीटॉकीत नुसती खरखर.

"परत म्हणा, काका."

"रोज चढताना वाटतं..." पुढचे शब्द काकांच्या तोंडातून फुटेनात. "नाही म्हणणार. ऐकलंय मी. मशीन बंद कर. मी वर येतोय, तोवर कडीला हात लावायचा नाही. कळलं?"

"काका, अहो स्लॅब..." साहेब मध्ये बोलले.

"खड्ड्यात गेला तुमचा स्लॅब!"

अठ्ठावन्न वर्षांचे काका, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना चढायला पाऊण तास लागला. नकल्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला. एकेक मिनिट सरता सरेना. वॉकीटॉकीवर पंपवाला अधूनमधून म्हणत होता, "मी आहे रे इथे," आणि दर वेळी त्याचा आवाज चिरकत होता.

शेवटी काचेवर थाप पडली. नकल्याने दार उघडलं. काकांना धाप लागलेली. त्यांनी आधी नकल्याचं मनगट धरलं आणि मग तिथेच दारातल्या पत्र्यावर बसकण मारली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," जरा वेळाने ते म्हणाले. "डॉक्टरला कळतं. माझी बहीण जाते एका मनाच्या डॉक्टरबाईंकडे, तिथे जायचं. आजच. आणि आधी घरी सांग." त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला.

"घरी नको, काका. ती घाबरेल."

"घाबरू दे. लाव."

बायकोने फोन उचलला आणि सवयीने नकल्याच्या जिभेवर विमानातली बाई आली. त्याने ती गिळली. "मी बोलतोय. मला बरं नाहीये गं. मनातून. खूप दिवस झाले. मला एकट्याने जमत नाहीये."

"तीन महिने," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तीन महिने मला वाटतंय, तुला माझाच कंटाळा आलाय."

चाळीस जणांचे आवाज काढणाऱ्या नकल्याला स्वतःचा आवाज सापडेना. "तुझा नाही गं," तो कसाबसा म्हणाला, आणि काकांसमोर लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

"मी निघाले," ती म्हणत होती. "गेटवर उभी राहते. कोण आहे तुझ्याजवळ?"

"काका आहेत."

"त्यांना सांग, तुला सोडू नका म्हणावं."

फोनमधून तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. काकांनी त्याचं मनगट आणखी आवळलं. "सांग तिला," ते म्हणाले, "खाली उतरायला संध्याकाळ झाली तरी सोडत नाही."