दौलतरावांचं सुस्वागतम

पुनावळ्याच्या पांढरीवर, म्हणजे जुनं गाव जिथं नांदून उठून गेलं त्या उंचवट्यावर, पुरातत्त्वाची अभ्यासक आम्रपाली महिनाभर खोदत होती. जागा माजी सरपंच दौलतरावांची. बाकीची जमीन टॉवरखाली गेली होती. सरकारी साहेबांनी येऊन 'वस्ती जुनी आहे' म्हटलं, तर एवढा तुकडा वाचणार होता. दौलतरावांना मिरवायला दोन हजार वर्षांचं गाव हवं होतं, आम्रपालीला फक्त वेळ. खड्ड्याच्या तळाशी राख दिसू लागली होती. खाली कुणाची तरी चूल असणार, याची तिला खात्री होती.

साहेबांच्या भेटीच्या सकाळी ती पोचली आणि जागीच थिजली. खड्ड्याच्या भिंती शेणानं सारवलेल्या. थरांनुसार वेगळ्या ठेवलेल्या खापऱ्यांच्या पिशव्या रिकाम्या. आणि मांडवापुढं साबणानं घासलेल्या त्याच खापऱ्यांनी लिहिलेलं 'सुस्वागतम'.

"मॅडम, कसं चकाचक केलंय?" दौलतराव मिशीत हसले. "शेवटच्या अक्षराला खापऱ्या कमी पडल्या. मग टॉवरच्या बाथरूमची फरशी फोडून घातली. कुणाला कळत न्हाई."

अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. या माणसाचा तर गोठाच रिकामा होता.

"कुठली खापरी कुठल्या थरातली, त्यावरूनच वय कळतं, दौलतराव. आता यांचं काही सांगता येणार नाही."

"त्यात काय? दोन हजार म्हना. आमी कुठं नको म्हनतोय?"

साहेब आले. हार झाले, नारळ झाले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, किती जुनं?"

एक आकडा फेकला असता तर पांढरी वाचली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दौलतरावांचा फुगलेला चेहरा दिसला आणि तिला त्याची शिसारी आली. या माणसाच्या तोंडचं वाक्य आपण बोलायचं?

"एकत्र सापडलेल्या वस्तूंत जी सगळ्यात नवी असते, तिच्याआधीचा तो ढीग असू शकत नाही," ती म्हणाली. "इथली सगळ्यात नवी वस्तू म्हणजे बाथरूमची फरशी. हे गाव त्या बाथरूमएवढं जुनं आहे."

साहेब पोट धरून हसले. दौलतरावांचं तोंड एवढंसं झालं. आम्रपालीला दोन दिवस फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पोकलेन आलं. ती बघायला गेली, न जाऊन राहवेना. बादली खड्ड्याच्या तळात घुसली आणि भाजून लाल झालेल्या मातीचा, राखेनं भरलेला गोल तुकडा घेऊन वर आली. चूलच होती. चालकानं ती ट्रकमध्ये ओतली. आम्रपालीला दौलतरावांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या वाक्याचा.

"हे खाली सांडलेलं लाल-काळं काय हो, मॅडम?" शेजारी येऊन दौलतरावांनी विचारलं.

"घाण आहे," ती म्हणाली. "साफ करून घ्या."

"व्हय, करतो की," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी झाडूवाल्याला हाक मारली.